जोशी काकूंचं एकूण किती झालं?

दिवाळी उरकली की घरगुती फराळ करून देणाऱ्यांच्या घरात कढया घासून वर जातात आणि हिशेब खाली उतरतो. पूर्वी त्यासाठी लाल पुठ्ठ्याची वही असायची, आता बहुतेक ठिकाणी एक्सेल किंवा गूगल शीट्स असतं. नवरात्र संपता संपता ऑर्डरी सुरू होतात. कुणी फोनवर सांगतं, कुणी व्हॉट्सॲपवर, कुणी जिन्यात गाठून. आली की लगेच एक ओळ टाकायची, एवढीच शिस्त पाळलेली असते.

समजा, अशाच एका घरातली शीट आपल्यासमोर उघडी आहे. चारशे ओळी, आणि तारीख, नाव, पदार्थ, रक्कम असे चार रकाने. त्यातल्या या सात ओळी बघा.

१२ ऑक्टोबर – जोशी काकू – चकली, १ किलो – ५२०
१२ ऑक्टोबर – पाटील – पोह्यांचा चिवडा, २ किलो – ७६०
१३ ऑक्टोबर – शिंदे वहिनी – बेसनाचे लाडू, १ किलो – ६००
१४ ऑक्टोबर – जोशी काकू – कडबोळी, अर्धा किलो – २४०
१५ ऑक्टोबर – पाटिल – शंकरपाळे, १ किलो – ४००
१६ ऑक्टोबर – शिंदे वहिनी – चकली, अर्धा किलो – २६०
१७ ऑक्टोबर – जोशी काकू – अनारसे, अर्धा किलो – ३८०

तेवढ्यात फोन वाजतो. "अगं, माझं एकूण किती झालं ते सांग, म्हणजे आत्ताच पैसे पाठवते." जोशी काकू.

सगळ्या शीटची बेरीज हवी असती तर ती क्षणात मिळाली असती. एकट्या जोशी काकूंची बेरीज मात्र शीटमध्ये कुठेच लिहिलेली नाही. ती ओळी-ओळींत विखुरली आहे. मग रकान्यावरून बोट फिरवत खाली जायचं, नाव दिसलं की कॅल्क्युलेटरवर आकडा टाकायचा, मध्येच कुणी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून. लाखभर आकड्यांची बेरीज डोळ्याचं पातं लवायच्या आत करणाऱ्या यंत्रासमोर बसून माणसं आजही हे असं करतात. दुकानांत, सोसायटीच्या कार्यालयात, गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या हिशेबात मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे आणि दर वेळी हळहळलो आहे. कारण या प्रश्नाचं उत्तर फार जुनं आहे आणि त्याला आपल्या भाषेत नावही आहे.

कीर्द वेगळी, खतावणी वेगळी

जुन्या पेढीवर दोन वह्या असत. एक कीर्द, म्हणजे रोजकीर्द. व्यवहार जसा घडेल तसा, ज्या क्रमाने घडेल त्या क्रमाने तिच्यात लिहायचा. सकाळी जोशी आले, मग पाटील, मग पुन्हा जोशी, कीर्दीतही तसंच. दुसरी वही खतावणीची. तिच्यात प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतःचं पान. दिवस मावळला की दिवाणजी कीर्द उघडून बसत आणि एकेक नोंद ज्याच्या त्याच्या पानावर उतरवत. या उतरवण्यालाच 'खतावणी करणं' म्हणतात, आणि वाणिज्य शाखेच्या मुलांना हा शब्द आजही शिकवतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतल्या रोजकीर्दी रुमालांत बांधून ठेवलेल्या आहेत. तिकडे इटलीत लुका पाचोली या गणितज्ञ साधूने १४९४ मध्ये व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची हिशेबाची पद्धत छापून प्रसिद्ध केली, तीत कच्ची वही, कीर्द आणि खातेवही अशा तीन वह्या सांगितल्या आहेत. एकमेकांपासून इतक्या लांबच्या माणसांनी हाच घाट धरला, कारण गरज एकच होती.

कीर्द 'कधी काय घडलं' या प्रश्नाला उत्तर देते. खतावणी 'कुणाचं किती' या प्रश्नाला. एकच यादी एकाच वेळी तारखेच्या क्रमाने आणि माणसांच्या क्रमाने लावता येत नाही, म्हणून दोन वह्या लागतात.

आपली चारशे ओळींची शीट ही कीर्द आहे. जोशी काकूंनी विचारलेला प्रश्न खतावणीचा आहे. पुढे ज्या तीन रीती सांगतो आहे त्या तिन्ही म्हणजे खतावणीच. फक्त दिवाणजींच्या जागी संगणक बसला आहे.

त्याआधी पेढीवरचाच एक नियम. कीर्दीला हात लावायचा नाही. पुष्कळ जण जोशी काकूंच्या तीन ओळी पुसून ११४० रुपयांची एकच ओळ करतात. शीट आटोपशीर दिसते खरी, पण "कडबोळी मी कधी सांगितली होती गं?" याचं उत्तर कायमचं गेलेलं असतं. एक्सेलमधलं 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' हे बटण तर याहून घातक. नावाने मन फसतं: पुन्हा पुन्हा आलेली नावं एकत्र होतील असं वाटतं. ते बटण काहीही एकत्र करत नाही. नावाच्या रकान्यावर चालवलं तर प्रत्येक नावाची पहिली ओळ ठेवतं आणि बाकीच्या ओळी त्यांच्या रकमांसकट काढून टाकतं. आपल्या सात ओळींवर ते चाललं तर जोशी काकूंचे ५२० उरतील आणि ६२० रुपये हवेत विरतील.

पहिली रीत: एका नावासाठी सगळी वही

या कामाचं सूत्र म्हणजे 'समइफ'. सम म्हणजे बेरीज, इफ म्हणजे जर. 'जर अमुक असेल तरच मिळव' असा हुकूम. त्याला कंसात तीन गोष्टी सांगायच्या: शोधायचं कुठे, शोधायचं काय, आणि सापडलं तर मिळवायचं कुठून. आपल्या बाबतीत नावांचा रकाना, 'जोशी काकू', आणि रकमांचा रकाना.

आत काय चालतं ते मनाशी चालवून बघा. सूत्र एक रिकामी वाटी घेतं, तीत शून्य. पहिल्या ओळीचं नाव बघतं: जोशी काकू. जुळलं. त्याच ओळीतले ५२० वाटीत. दुसरी ओळ पाटील, पुढे चला. तिसरी शिंदे वहिनी, पुढे चला. चौथी जुळली, २४० पडले, वाटीत ७६०. पाचवी, सहावी नाही. सातवी जुळली, ३८० पडले, वाटीत ११४०. ओळी संपल्या, वाटी आपल्यासमोर. बोट फिरवत जे आपण करत होतो तेच, फक्त याला कुणी मध्ये हाक मारत नाही.

सगळ्या गिऱ्हाइकांसाठी हे करायचं तर बाजूला प्रत्येक नाव एकदाच असलेली यादी हवी. गूगल शीट्समध्ये आणि नव्या एक्सेलमध्ये 'युनिक' हे सूत्र ती यादी काढून देतं. जुन्या एक्सेलमध्ये नावांचा रकाना दुसऱ्या पानावर नकलून घ्यावा आणि तिथे, त्या नकलेवर, ते 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' वापरावं. त्या बटणाची योग्य जागा हीच. मग पहिल्या नावासमोर सूत्र लिहून ते खाली ओढायचं.

इथे एक खाच आहे आणि तीत जवळजवळ प्रत्येक जण एकदा तरी पडतो. सूत्र एक ओळ खाली ओढलं की त्यातले पत्तेही एक ओळ खाली सरकतात. शोधायचं नाव सरकावं हे आपल्याला हवंच असतं. पण शोधायची जागाही सरकते! पहिल्या नावासाठी दुसऱ्या ओळीपासून शोध, पुढच्यासाठी तिसऱ्या ओळीपासून, आणि तिसाव्या नावापर्यंत वरच्या एकोणतीस ओळी शोधातून निसटलेल्या. सूत्र चूक दाखवत नाही, गुपचूप कमी आकडा देतं. म्हणून दोन्ही रकान्यांच्या पत्त्यांना डॉलरची खूण लावून त्यांना खिळा ठोकायचा. डॉलर या चिन्हाचा इथे पैशाशी काही संबंध नाही. 'हा पत्ता हलवू नकोस' एवढाच त्याचा अर्थ.

नावाबरोबर आणखी अट हवी असेल, म्हणजे 'जोशी काकू आणि पैसे बाकी', तर 'समइफ्स' हे सूत्र आहे. ते एक्सेलमध्ये २००७ च्या आवृत्तीत आलं. त्यात मिळवायचा रकाना शेवटी सांगत नाहीत, सगळ्यात आधी सांगतात. धाकट्या भावाने क्रम का बदलला असं वाटेल, पण अटी कितीही वाढू शकतात, त्यामुळे न वाढणारी गोष्ट पहिली ठेवणंच सोयीचं.

या रीतीला कष्ट किती पडतात? गिऱ्हाइकं साठ आणि ओळी चारशे असतील तर प्रत्येक नावासाठी सगळी शीट एकदा, म्हणजे २४,००० वेळा नाव ताडून बघणं. संगणकाला ते जाणवतही नाही. पण एखाद्या घाऊक व्यापाऱ्याच्या पन्नास हजार ओळी आणि पाच हजार गिऱ्हाइकं असतील तर तोच आकडा २५ कोटींवर जातो, आणि मग एक सेल बदलला तरी शीट श्वास लागल्यासारखी थांबते.

दुसरी रीत: आधी लावून घ्या, मग तोडा

ऑर्डरी शीटमध्ये नसून कागदी चिठ्ठ्यांवर असत्या तर आपण काय केलं असतं? नावाप्रमाणे लावल्या असत्या. एकदा लावल्या की जोशींच्या सगळ्या चिठ्ठ्या एकाखाली एक येतात आणि नाव बदललं की तिथे रेघ मारून बेरीज करता येते. एक्सेलमधला 'सबटोटल' हेच करतो: नाव बदललेलं दिसलं की रेघ. त्यामुळे आधी नावाप्रमाणे लावून घ्यायला विसरलात तर आपल्या सात ओळींत तो सात वेळा रेघ मारेल, कारण लागोपाठ दोन ओळी एकाच नावाच्या कुठेच नाहीत. छापून हातात द्यायचा तपशीलवार हिशेब हवा असेल तेव्हा ही रीत चांगली. एरवी तिची फारशी गरज उरलेली नाही.

तिसरी रीत: टपाल कचेरीतले कप्पे

टपाल कचेरीत पत्रं निवडताना बघितलं आहे का? भिंतीशी लाकडी कप्प्यांची मांडणी असते. माणूस प्रत्येक पत्र एकदाच हातात घेतो, पत्ता वाचतो, त्या कप्प्यात टाकतो, पुढचं उचलतो. एकेका गल्लीसाठी अख्खा गठ्ठा पुन्हा पुन्हा चाळत बसत नाही.

'पिव्हट टेबल' असं काम करतं. शीट वाचताना ते समोर आलेल्या प्रत्येक नव्या नावाला एक क्रमांक देऊन ठेवतं. जोशी काकू पहिल्या, पाटील दुसरे, शिंदे वहिनी तिसऱ्या. त्यानंतर ओळ म्हणजे त्याच्या लेखी 'एक नंबरच्या कप्प्यात २४०' एवढीच उरते. चारशे ओळी, चारशे वेळा कप्प्यात टाकणं, काम संपलं. पन्नास हजार ओळींना पन्नास हजार वेळा. पंचवीस कोटींशी हा आकडा ताडून बघा, म्हणजे मोठ्या हिशेबाला लोक ही रीत का धरतात ते कळेल.

वापरायला ती सूत्रांहून सोपी आहे, आणि 'पिव्हट' हा शब्द ऐकून बिचकणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो. शीटमध्ये कुठेही उभं राहा, 'इन्सर्ट'मधून पिव्हट टेबल मागा. बाजूला रकान्यांची नावं येतात. 'नाव' उचलून 'रोज' म्हणजे ओळींच्या चौकोनात टाका, 'रक्कम' उचलून 'व्हॅल्यूज'च्या चौकोनात. खतावणी तयार. 'पदार्थ' उचलून 'कॉलम्स'मध्ये टाकला तर कुणी कुठला पदार्थ किती रुपयांचा घेतला हेही पसरून दिसतं, आणि पुढच्या वर्षी भाजणी किती दळायची याचा अंदाज तिथेच मिळतो.

नोंदींचा तक्ता असा हवा तसा फिरवून बघायची कल्पना लोटस कंपनीच्या इम्प्रोव्ह या प्रोग्रॅममधून १९९१ मध्ये लोकांपुढे आली आणि १९९३ च्या एक्सेलमध्ये ती पिव्हट टेबल या नावाने शिरली. त्याच्या चौदा वर्षं आधी, १९७९ मध्ये, डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांनी व्हिजिकॅल्क काढलं होतं. घरगुती संगणकावरची ती पहिली स्प्रेडशीट, आणि तिच्यात ओळी होत्या २५४. आपल्या फराळाच्या ऑर्डरीही तिच्यात मावल्या नसत्या. आजच्या एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात.

एक्सेलमध्ये पिव्हट वापरताना एक लक्षात ठेवायचं: कीर्दीत नवी ओळ टाकली म्हणून ते आपोआप बदलत नाही. त्याने शीट वाचली ती ते तयार केलं त्या क्षणी. नवी नोंद झाली की 'रिफ्रेश' करावं लागतं, आणि ओळ आधी ठरवलेल्या भागाच्या खाली गेली असेल तर तो भागही वाढवावा लागतो.

अडचण बेरजेची नाहीच

इथपर्यंतचं सगळं एका दुपारात शिकता येतं. आता जे सांगायचं आहे त्यात मात्र दिवस जातात, आणि बहुतेक चुकीचे हिशेब इथेच जन्मतात.

वरच्या सात ओळी पुन्हा बघा. दुसऱ्या ओळीत पाटील आहेत, पाचव्या ओळीत पाटिल. वाचताना तुमची नजर तिथे अडखळली असेल किंवा नसेलही. पण तुम्ही ते एकच घर धरलंत. संगणक धरत नाही. त्याच्याजवळ अक्षरं नसतातच, अक्षरांचे क्रमांक असतात. युनिकोड या जगभर मान्य असलेल्या पद्धतीत प म्हणजे २३४६, काना २३६६, ट २३३५, दीर्घ वेलांटी २३६८ आणि ल २३५४. ऱ्हस्व वेलांटीचा क्रमांक २३६७. म्हणजे पाटील आणि पाटिल यांच्यात फरक आहे तो एकाच जागी, एकाच अंकाचा. तेवढ्याने समइफच्या वाटीत ७६० पडतात आणि ४०० बाहेर राहतात. पिव्हट तर सरळ दोन कप्पे करतं.

मराठी नावांना हा त्रास जरा जास्तच होतो. शिंदे कुणी अनुस्वाराने लिहितं, कुणी अर्धा न जोडून. मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत टाकलेलं नाव आणखी चार तऱ्हांनी येतं. एकच बाई 'शिंदे वहिनी', 'सौ. शिंदे', 'शिंदे बी विंग' आणि 'राहुलची आई' अशा चार नावांनी शीटमध्ये हजर असतात. बोलताना हे आपल्याला किती सहज कळतं!

याहून अवघड चुका डोळ्यांना दिसतच नाहीत. नावानंतर चुकून पडलेली मोकळी जागा ही त्यातली सगळ्यात सामान्य. आपल्याला ती रिकामी वाटते. संगणकाच्या लेखी तिथे ३२ क्रमांकाचं अक्षर बसलेलं असतं. 'ट्रिम' हे सूत्र नावाच्या मागच्या-पुढच्या अशा जागा काढून टाकतं आणि दोन शब्दांमधल्या जादा जागांची एक करतं. पण वेबपानावरून नकललेल्या मजकुरात कधीकधी वेगळीच मोकळी जागा येते, तिचा क्रमांक १६०. दिसायला तशीच, पण ट्रिम तिला हात लावत नाही. तिला 'शोधा आणि बदला' वापरून हुसकावं लागतं.

आणि आपला अर्धा र. वऱ्हाडे, गोऱ्हे, कुऱ्हाडे या नावांत तो येतो. संगणकावर तो दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत त्याच्यासाठीच ठेवलेला वेगळा र असतो, क्रमांक २३५३, आणि त्यापुढे हलन्त. दुसऱ्या तऱ्हेत नेहमीचा र, २३५२, मग हलन्त, आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह, क्रमांक ८२०५. कुठला कळफलक वापरला त्यावर हे ठरतं. पडद्यावर दोन्ही वऱ्हाडे तंतोतंत सारखे उमटतात. एक ऑर्डर फोनवरून टाकली, दुसरी लॅपटॉपवरून, आणि एका माणसाची दोन खाती होऊ शकतात. भिंगातून बघूनही फरक सापडायचा नाही. अशा वेळी एका सेलमधलं नाव नकलून दुसऱ्यावर चिकटवणं हाच साधा उपाय.

मग सगळी नावं कीर्दीतच सुधारत बसायचं का? मला ते पटत नाही. कीर्दीत जसं आलं तसं राहू द्यावं. एका वेगळ्या पानावर दोन रकान्यांचा तक्ता करावा: डावीकडे लिहिलेलं नाव, उजवीकडे खात्याचं नाव. पाटील समोर पाटील, पाटिल समोरही पाटील. राहुलची आई समोर शिंदे वहिनी. मग कीर्दीत एक नवा रकाना वाढवून 'व्हीलुकअप' या सूत्राने प्रत्येक ओळीला खात्याचं नाव आणून द्यायचं आणि बेरीज त्या नव्या रकान्यावर करायची. कीर्द शाबूत राहते, आणि कुणाला कुणाशी जोडलं याची लेखी नोंदही राहते. पुढच्या दिवाळीला हाच तक्ता पुन्हा कामाला येतो.

नावापेक्षा मोबाइल नंबर धरावा असं काही जण सुचवतात, आणि त्यात तथ्य आहे. दहा अंकी नंबरला वेलांटी नसते. पण तोही कुणी शून्य लावून लिहितं, कुणी अधिक एक्क्याण्णव, कुणी मध्ये जागा सोडून. आणि एका घरातून एकदा सासूबाईंच्या फोनवरून, एकदा सुनेच्या फोनवरून ऑर्डर येते. नंबर घ्यावा, पण खातं कुणाचं हे माणसानेच ठरवावं. पुढच्या वर्षासाठी याहून चांगली सोय म्हणजे नाव टाइप करायचंच नाही, 'डेटा व्हॅलिडेशन'ने दिलेल्या यादीतून निवडायचं. दारातच नाव एकसारखं झालं की घरात पसारा होत नाही.

दिसतो आकडा, असतो मजकूर

एक छोटी गोष्ट रकमांच्या रकान्याची. आपल्याला लहानपणापासून ५२० पुढे तिरकी रेघ आणि आडवी रेघ मारायची सवय आहे, म्हणजे कुणी मागे आकडा वाढवू नये. चेकवर ती सवय चांगली. शीटमध्ये '५२०/-' किंवा 'रु. ५२०' असं टाइप केलं की तो सेल आकड्याचा राहत नाही, मजकुराचा होतो, आणि बेरजेची सूत्रं मजकूर गुपचूप वगळतात. ओळखायची खूण सोपी आहे: काही ठरवून बदललं नसेल तर आकडे सेलच्या उजव्या कडेला टेकतात, मजकूर डाव्या कडेला. रकमांच्या रकान्यावरून एकदा नजर टाकली की डावीकडे सरकलेले सेल लगेच दिसतात. एक्सेलच्या पिव्हटने बेरजेऐवजी 'काउंट' म्हणजे नुसती संख्या दाखवली तरी रकान्यात मजकूर शिरला आहे का ते आधी बघावं.

चौकट: फोन येण्याआधी

• कीर्दीची एक नक्कल वेगळी ठेवा आणि मूळ ओळी पुसू नका.
• रकमांच्या रकान्यात फक्त आकडे आहेत ना, ते कडा बघून तपासा.
• नावांवर ट्रिम चालवा, मग 'लिहिलेलं नाव – खात्याचं नाव' हा तक्ता करा.
• थोडी गिऱ्हाइकं आणि सतत बदलणारी शीट असेल तर समइफ. ओळी खूप असतील किंवा वेगवेगळ्या बाजूंनी बघायचं असेल तर पिव्हट.
• समइफमधल्या दोन्ही रकान्यांना डॉलरची खूण लावली आहे ना, ते बघा.
• पिव्हट असेल तर आकडा सांगण्याआधी रिफ्रेश करा.

ताळा

दिवाणजी खतावणी झाल्यावर वही मिटत नसत. आधी ताळा बघत. कीर्दीतल्या सगळ्या रकमांची बेरीज आणि खतावणीतल्या सगळ्या पानांची बेरीज एकच यायला हवी, कारण तेच पैसे फक्त वेगळ्या ढिगांत लावले आहेत. आपल्या सात ओळींची बेरीज ३१६०. खतावणी केली तर जोशी काकू ११४०, पाटील ११६०, शिंदे वहिनी ८६०, मिळून ३१६०. जुळलं.

शीटच्या एका कोपऱ्यात या दोन बेरजा आणि त्यांची वजाबाकी कायमची मांडून ठेवावी. वजाबाकी शून्य नसेल तर कुठेतरी गळती आहे: डॉलर राहून गेला, नवं गिऱ्हाईक खतावणीच्या यादीत घातलंच नाही, किंवा पिव्हट शिळं आहे. किती रुपयांचा फरक आहे तेच पुष्कळदा चूक दाखवून देतं. फरक २६० आला तर कीर्दीत २६० ची ओळ शोधायची; तीच सुटलेली असण्याचा संभव मोठा.

पण ताळ्याला काय दिसत नाही हेही माहीत हवं. पाटील आणि पाटिल अशी दोन खाती राहिली तर खतावणी अशी होते: जोशी काकू ११४०, पाटील ७६०, पाटिल ४००, शिंदे वहिनी ८६०. बेरीज पुन्हा ३१६०! वजाबाकी शून्य, आणि तरी पाटलांना अर्धवट हिशेब कळवला जाईल. पैसे हरवले नाहीत, चुकीच्या पानावर गेले, म्हणून ताळ्याला ते कळत नाही. लेखाशास्त्रात तेरीजपत्रकाची हीच मर्यादा शिकवतात: एकाची नोंद दुसऱ्याच्या खात्यात गेली तरी दोन्ही बाजू जुळतात.

त्याला सूत्र नाही. खात्यांची यादी वर्णक्रमाने लावायची, म्हणजे सारखी दिसणारी नावं शेजारी येतात, आणि ज्यांनी ऑर्डरी घेतल्या त्यांच्याशेजारी बसून ती मोठ्याने वाचायची. साठ नावांना दहा मिनिटं लागतात. आपल्या घरात ते वाचन साधारण असं होईल.

"पाटील आणि पाटिल?"

"एकच रे ते, लिफ्टशेजारचे."

"शिंदे वहिनी?"

"बरोबर."

"जोशी काकू, तीन ओळी, ११४०."

"थांब. अनारसे तळमजल्यावरच्या जोशी काकूंनी सांगितले होते बहुतेक. फोन आलाय तो तिसऱ्या मजल्यावरच्यांचा."

एका व्यक्तीची दोन नावं होणं आपण इतका वेळ बघत होतो. इथे दोन व्यक्तींचं एक नाव झालं आहे. अक्षर न् अक्षर जुळतं आहे, ताळाही जुळतो आहे. तिसऱ्या मजल्याचे ११४० की ७६०, हे शीटमध्ये कुठेही नाही. फोन अजून चालूच आहे.

"काकू, चकली आणि कडबोळी तुमची. अनारसेही तुम्हीच सांगितले होते का हो?"